सवलत, सुविधा आणि सौलभ्य

आमच्या फ्रिजवर दोन कागद लावलेले असतात. एक दुधाचा हिशेब, तो माझ्या अक्षरात. दुसरं सूनबाईच्या ऑफिसच्या गाडीचं वेळापत्रक, ते छापील. सकाळी सात पन्नासला गाडी कोपऱ्यावर येते, संध्याकाळी सव्वासातला सोडते. या दोन कागदांवर आमचं घर चालतं, असं मी गमतीनं म्हणत असे. यंदा तिथं तिसरा कागद लागला. त्याचीच ही हकिकत.

मी मूळची बेळगावची, शहापुरातली. १९८४ साली लग्न होऊन इंदूरला आले. माहेरी गल्लीत मराठी, दुकानात कानडी आणि शाळेत दोन्ही. इथं आले तर घरात मराठी, दारात हिंदी, आणि घरातली मराठीसुद्धा अशी, की नणंद सांगायची, "मी स्वयंपाक करून राहिली आहे." मला हसू यायचं. मी "होय की" म्हटलं की तिला हसू यायचं. चाळीस वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींना हसायचं सोडलं आणि दोघींची भाषा अर्धी अर्धी बदलली. तुम्ही सीमेवरची माणसं हे समजून घ्याल. दोन भाषांच्या घरात एखादा शब्द तोंडात येण्याआधी दोनदा वळून बघतो.

असाच एक शब्द गेल्या ८ मार्चला आमच्या जेवणाच्या टेबलावर आला.

सूनबाई त्या दिवशी ऑफिसातून कागदी पिशवी घेऊन आली. आत एक गुलाब, एक मग आणि ब्यूटी पार्लरचं कूपन. महिला दिनानिमित्त कंपनीची भेट. तिची कंपनी सुपर कॉरिडॉरच्या बाजूला आहे. टी.सी.एस. आणि इन्फोसिसची मोठी आवारं त्याच रस्त्यावर आहेत, हिची त्या दोघींपैकी नव्हे, लहान आहे. पण थाट तोच. कॉफीचं यंत्र, व्यायामाची खोली, वाढदिवसाला केक, रात्री उशीर झाला तर गाडीत रखवालदार. बायकांचं प्रमाण वाढवायचं म्हणून बायकांची शिफारस करणाऱ्याला जादा बक्षीस. मी बँकेत पस्तीसेक वर्षं काढली. आमच्याकडे बायकांसाठी वेगळी सोय म्हणजे स्ट्राँगरूमशेजारची एक अंधारी खोली, जिच्यात डबे खायचे. त्यामुळे सूनबाईच्या कंपनीचं मला कौतुकच वाटायचं.

"किती सवलती देतात गं तुम्हाला," मी म्हटलं.

ती मग टेबलावर ठेवत म्हणाली, "आई, सुविधा. सवलत म्हणजे तिकिटात देतात ती."

आमच्या बेळगावात बस स्टँडवर, सरकारी पत्रकावर कानडीत 'सौलभ्य' लिहिलेलं असायचं. तेही मला आठवलं. सवलत म्हणजे कुणीतरी दर कमी केला. सुविधा म्हणजे सोय केली. सौलभ्य म्हणजे सोपं केलं. तिन्हींत देणारा वर आणि घेणारा खाली. एवढा विचार तेव्हा केला नाही, तो नंतरचा. तेव्हा मी ताटात भात वाढत होते.

सूनबाई नुकतीच, तीन आठवड्यांपूर्वी, कामावर परत गेली होती. सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा संपवून. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात मुळात बारा आठवडे होते, २०१७ साली ते पहिल्या दोन मुलांपुरते सव्वीस झाले. माझा मुलगा १९९० चा. मला तीन महिने मिळाले होते, आणि साहेबांनी "एवढी रजा? आमच्या आईनं तर..." असं सुरू केलं होतं. मी त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही एवढंच समाधान. सूनबाईला असं कुणी काही बोललं नाही. फक्त वार्षिक मूल्यमापनात तिला 'मध्यम' शेरा मिळाला. साहेब अगदी गोड बोलले म्हणे. अर्धं वर्ष तुम्ही नव्हताच, मग वरचा शेरा देऊ कसा? रजा कायद्यानं दिली आणि हिशेबात कापून घेतली. गुलाब मात्र टवटवीत होता.

त्याच जेवणात मी माझी एक फुशारकी सांगितली. इथल्या एका लहानशा मराठी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी आहे, बायकांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर. त्या आठवड्यात कारकुनाच्या जागेसाठी मुलाखती झाल्या होत्या. शेवटी दोघं उरले. एक मुलगी, एक मुलगा. दोघंही बी.कॉम., दोघांनाही संगणकाचं काम येत होतं. मुलीचा हिशेब जास्त चोख, मुलाचं बोलणं जास्त मोकळं.

"मुलीला दहा महिन्यांचं बाळ होतं," मी सांगत होते. "मी विचारलं, घरी बघायला कोण आहे? म्हणाली, सासूबाई आहेत पण त्यांना दिसत नाही नीट. मग काय करणार? मार्च महिन्यात आमच्याकडे रात्री आठ वाजतात. मुलाला घेतलं."

सूनबाईचा घास हातातच राहिला. ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं साधं विचारलं, "त्या मुलाला मूल आहे का?"

आहे. त्याच्या अर्जातच होतं. मुलगी, वय आठ महिने.

"त्याला विचारलंत, घरी बघायला कोण आहे?"

मी उठून आमटी गरम करायला गेले. आमटी गरमच होती.

इथं मला थोडं मागं जायला हवं. १९९४ साली मला अधिकारीपदाची बढती मिळाली होती. परीक्षा दिली होती, पास झाले होते. नेमणूक झाबुआला. मुलगा चार वर्षांचा. यांनी "तुझं तू ठरव" म्हटलं, आणि ते वाक्य फार उदार वाटतं म्हणून कुणाला कळत नाही की त्यात नकार किती असतो. मी ठरवलं. 'कौटुंबिक अडचणींमुळे बढती स्वीकारू शकत नाही' असा अर्ज दिला. त्याची कार्बन प्रत अजून माझ्या ट्रंकेत आहे. माझ्याबरोबर पास झालेले एक सहकारी झाबुआला गेले. त्यांनाही चार वर्षांचा मुलगा होता. बायको इंदूरला राहिली, ते शनिवारी बसनं येत. निवृत्त झाले तेव्हा ते शाखा व्यवस्थापक होते आणि मी हेड कॅशियर. माणूस भला. माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांच्या अर्जात 'कौटुंबिक' हा शब्द यायची वेळच कधी आली नाही, एवढंच.

आणि जी नोकरी मी केली ती तरी कुणाच्या जोरावर? सासूबाईंच्या. सकाळी साडेनऊला मी सायकलवर टांग टाकायची आणि मुलगा त्यांच्या कडेवर. बँकेचं पाळणाघर म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना ना पगार, ना रजा, ना ८ मार्चचा गुलाब. दुपारची झोप त्यांनी अकरा वर्षं घेतली नाही. हे मला त्या गेल्यावर कळलं, कारण शेजारच्या काकूंनी सांगितलं. इतकं सगळं ज्या बाईनं पाहिलं, तिनं मुलाखतीच्या टेबलावर बसून समोरच्या पोरीला तोच प्रश्न विचारावा! माझ्या मनात वाईट नव्हतं. पण मला वाटतं, माझ्या साहेबांच्या मनातही नसेल.

त्या रात्री झोप आली नाही. निवृत्तीनंतर वाचायची सवय लागली आहे, ती कामी आली. पुढचे काही दिवस मी या विषयावर मिळेल ते वाचत राहिले.

इंदूर हे गिरण्यांचं गाव. मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, भंडारी. मी आले तेव्हा भोंगे वाजत. अनंत चतुर्दशीच्या मिलच्या झांक्या बघायला माणसं रात्रभर रस्त्यावर बसत. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा धनादेश निघायला डिसेंबर २०२३ उजाडला, ही गोष्ट इथं लहान पोरालाही माहीत आहे. पण पाळणाघर या गोष्टीचं मूळ गिरण्यांतच आहे, हे मला माहीत नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या सुमारास पाचांतली एक कामगार बाई होती. तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन झोपवायचं आणि कामावर जायचं, हा रिवाज इतका सर्रास होता की सरकारी चौकशांत त्याची नोंद झाली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यानं सांगितलं, पन्नासाहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर हवं. १९७६ साली तो आकडा तीसवर आणला. हेतू उत्तम. पण मी जन्मभर आकड्यांत वावरलेली बाई. तिसाहून जास्त बायकांना पाळणाघर, मग तीसच ठेवाव्यात, हा हिशेब कुठल्याही मुनिमाला सुचेल. रात्रपाळीला बायका नकोत, ही सुद्धा काळजीच होती. काळजी वाढत गेली आणि गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. तेवढं एकच कारण नव्हतं, नवी यंत्रं आली, तीन पाळ्या आल्या. पण जी सोय बायका मोजून द्यायची, ती बाईला महाग करते, हे मला पटलं.

२०१७ च्या दुरुस्तीत म्हणूनच एक शहाणपण झालं. पन्नास बायका नव्हे, पन्नास कर्मचारी असले की पाळणाघर. बाप्ये आणि बायका मिळून पन्नास. हीच तरतूद २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. पण पुढच्याच ओळीत कायदा म्हणतो, दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला बाईला परवानगी द्यावी. बाईला. बापानं चार वेळा काय, एकदा तरी डोकवावं, असं कायद्याला सुचलेलं नाही. आणि सव्वीस आठवड्यांचा पगार सरकार देत नाही, बहुतेक ठिकाणी मालकच देतो. मग मुलाखतीत मालक हसत हसत काय विचारतो, हे मी कुणाला सांगावं? मीच विचारलं होतं.

आपल्या हुबळीच्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १९७४ साली बंगळूरला शिकत असताना त्यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली. खाली लिहिलं होतं, बायकांनी अर्ज करू नयेत. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. मला वाटतं, त्यांचं एक भाग्य असं, की नकार छापलेला होता. छापलेल्यावर पोस्टकार्ड लिहिता येतं. "घरी बघायला कोण आहे?" या आपुलकीच्या प्रश्नावर कुणाला लिहायचं?

याच काळात बेळगावहून धाकट्या बहिणीशी फोनवर बोलणं व्हायचं. तिची मुलगी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. कर्नाटक मंत्रिमंडळानं २०२५ च्या ऑक्टोबरात बायकांना महिन्याला एक दिवस पाळीची पगारी रजा मंजूर केली, त्याचा तिला आनंद होता. "बिहारात तर १९९२ पासून सरकारी नोकरीत दोन दिवस आहेत," मी माझं नवं ज्ञान पाजळलं. बहीण म्हणाली, "होय की गे, पण आमची पोरगी म्हणते, रजा घेतली तर साऱ्या कारखान्याला तारीख कळणार." सुप्रीम कोर्टानंही जुलै २०२४ मध्ये हीच धास्ती बोलून दाखवली होती, की अशी रजा सक्तीची केली तर मालक बायकांना टाळतील. मी दोन्ही बाजू ऐकल्या. पोट दुखत असताना कॅशच्या खिडकीत सहा तास बसलेली बाई रजेच्या विरोधात बोलू शकत नाही. पण मालक बायका टाळतील म्हणून बायकांनी दुखणं सोसावं, ही कसली तोड? टाळणाऱ्याला कुणी विचारायचं की नाही?

आता घरातली गोष्ट. ती मी लांबवत होते, कारण ती सांगायला जड आहे.

सूनबाई कामावर गेल्यापासून नात माझ्याकडे होती. मला ती प्राणाहून प्रिय आहे. पण गुडघे दुखतात. आणि खरं सांगायचं तर मला दुपारी वाचायचं होतं, बुधवारी मैत्रिणींबरोबर भजनाला जायचं होतं. सदतीस वर्षं घड्याळावर धावल्यावर मला माझी दुपार हवी होती. हे तोंडानं म्हणणं म्हणजे आजीपणाला बट्टा. सासूबाई कधी म्हणाल्या नव्हत्या. म्हणूनच तर अकरा वर्षं झोपल्या नाहीत.

सूनबाईच्या कंपनीत पाळणाघर आहे. चांगलं, रंगीत भिंतींचं. पण कंपनीच्या गाडीत मुलाला बसवता येत नाही, विम्याचा नियम आहे म्हणे. म्हणजे पाळणाघर बारा किलोमीटरवर आणि तिथं पोचायला मूल उडत यायला हवं. रिक्षानं न्यावं तर जाऊन येऊन दोन तास आणि पगाराचा एक लचका. मुलाची कंपनी मात्र खंडवा रोडच्या बाजूला, घरापासून वीस मिनिटांवर. तिथंही पाळणाघर आहे. आम्ही तिघंही आठ महिने ही गोष्ट जाणून होतो आणि कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही. वाचता वाचता एका दुपारी माझ्याच डोक्यात आलं.

रात्री मी मुलाला म्हटलं, "तू घेऊन जा तिला."

तो हसला. मग गप्प झाला. मग म्हणाला, "आई, ते बायकांसाठी आहे."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी नियम काढून दाखवला. 'महिला कर्मचाऱ्यांच्या अपत्यांसाठी.' तो परत आला तो कानकोंडा होऊन. साहेबांनी विनोद केला होता, "भिया, घरात सगळं ठीक ना?" त्याला वाईट वाटलं ते मला दिसलं. माझ्या मनात आलं, लेका, ही तर तुझी पहिलीच वेळ.

सूनबाई काही बोलली नाही. तिनं त्याला अर्ज लिहायला बसवलं. दोघांनी मिळून लिहिला, मी व्याकरण बघायला गेले तर इंग्रजीत होता. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. 'विशेष बाब म्हणून' तीन महिन्यांसाठी परवानगी.

विशेष बाब. बँकेत या दोन शब्दांवर मी अनेक शिक्के मारले आहेत. त्यांचा अर्थ असा, की देतो, पण मागू नका. सवलत, सुविधा, सौलभ्य, तिन्ही शब्द त्या पत्रात बसत होते. मग मला चौथा शब्द आठवला आणि गंमत वाटली. मराठीत हक्क, हिंदीत हक, कानडीत हक्कु. बाकीच्या तीन शब्दांसाठी तीन भाषांना तीन वाटा लागल्या, हा एकच शब्द तिघींनी तसाच घेतला आहे. वापरायला मात्र तिघींनाही जड जातो.

तीन महिने संपले, मुलानं पुन्हा अर्ज केला. या वेळी त्याच्याबरोबर आणखी दोन बापांच्या सह्या होत्या. निर्णय अजून व्हायचा आहे, तोवर नात जाते आहे.

पतसंस्थेत मी सभेत विषय मांडला. मुलाखतीत घरचं काही विचारायचं नाही, किंवा विचारायचं तर सगळ्यांना. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुम्हीच तर विचारलं होतंत!" मी म्हटलं, "म्हणूनच." ठराव झाला. ज्याला घेतलं तो मुलगा कामाला चांगला निघाला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्या मुलीला नंतर कुठं काम मिळालं का, मला माहीत नाही. तिचा अर्ज संस्थेच्या फायलीत आहे. पुढची जागा निघेल तेव्हा तिला आधी पत्र जाईल, एवढं मी लिहून घेतलं आहे. तोवर तिचं बाळ मोठं झालेलं असेल, आणि प्रश्न विचारायची कुणाला गरजही उरणार नाही. माझ्या चुकीची भरपाई तेवढ्यानं होत नाही, हे मला कळतं.

आता सकाळी सात पन्नासला सूनबाई जाते आणि साडेआठला मुलगा. पाठीवर लॅपटॉप, पुढ्यात पोर, हातात दुपट्यांची पिशवी. पहिल्या दिवशी समोरच्या काकू गॅलरीत येऊन बघत राहिल्या. आता त्याच "टोपी घातली का रे तिला?" विचारतात. पहिल्या आठवड्यात तो बाटली विसरला, दुसऱ्यात कपडे. तेव्हापासून फ्रिजवर तिसरा कागद आहे, त्याच्या अक्षरात. 'बाटली २, दुपटी ४, मऊ भात, टोपी, औषध.' इंदूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा, दुपटी हा शब्द त्यानं दोनदा खोडून लिहिला आहे, तरी चुकलाच आहे. मी दुरुस्त केला नाही.

दुपारी घर शांत असतं. मी जरा पडते.